चेंबरच्या तोंडाशी आम्हाला कोणी अडवले नाही

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात मुंबई इलाखा दलित वर्ग परिषद भरली. सुमारे दहा हजार लोक जमले होते. बाबासाहेबांनी तिथे धर्मांतराची घोषणा केली, ती आपल्या पोराबाळांनाही पाठ आहे. त्याच सभेतली दुसरी गोष्ट मात्र आपल्या व्यासपीठांवरून कमी सांगितली जाते. २ मार्च १९३० पासून नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात चाललेला सत्याग्रह आता थांबवा, असे बाबासाहेबांनी तिथे सांगितले. पाच वर्षांहून अधिक काळ लोकांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला, आणि दार उघडले नाही. येवल्याला त्याचा हिशेब झाला. ‘आम्हाला आत घ्या’ हे मागणे संपले आणि ‘आम्ही बाहेर पडतो’ हा निर्णय सुरू झाला.

आज आम्ही गटारांवर लिहिणार आहोत. येवला आणि गटार यांचा काय संबंध, असे काही मित्र विचारतील. संबंध सरळ आहे. मंदिराच्या दारात आम्हाला अडवले, पाणवठ्यावर अडवले, शाळेच्या उंबऱ्यावर अडवले. गटाराच्या चेंबरच्या तोंडाशी मात्र या देशात आमच्या माणसाला कधीच कोणी अडवले नाही. तिथे प्रवेशासाठी सत्याग्रह करावा लागला नाही. तिथे तर आम्ही आत जाणार नाही असे म्हणणे हाच गुन्हा होता. आम्ही हे अलंकार म्हणून लिहीत नाही. कायद्यात तसे लिहिलेले होते, ते पुढे येईलच.

निमित्त असे की मोठ्या शहरांतली इंग्रज अमदानीतली गटारे आणि रस्त्याखालच्या मोऱ्या आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. विटा निखळतात, सांध्यांतून पाणी झिरपते, वरचा रस्ता खचतो. रस्ता खोदून नवी लाइन टाकायची तर वर वाहतूक, मध्ये पाण्याच्या, विजेच्या, टेलिफोनच्या लाइनी आणि बाजूला जुन्या इमारती. म्हणून रस्ता न खोदता आतूनच दुरुस्ती करण्याचे तंत्र वापरले जाते. वर्तमानपत्रांत याचे कौतुक छापून येते, आणि आपल्यातलीही काही शिकलेली मुले म्हणतात की आता यंत्र आले, माणसाला गटारात उतरावे लागणार नाही, हा प्रश्न इतिहासजमा झाला. आमचे म्हणणे वेगळे आहे. हे तंत्र नवे नाही, त्याला पन्नास वर्षे उलटून गेली. माणूस आत उतरतो तो यंत्र नाही म्हणून नव्हे. उतरणाऱ्याला नाही म्हणता येत नाही म्हणून तो उतरतो. हे समजायला इतिहास बघावा लागतो, आणि तो मुंबईपासून सुरू करावा लागतो, कारण आपल्या राज्यात गटारांचा आणि गटारांच्या कायद्यांचा पाया तिथे घातला गेला.

१८६० मध्ये विहार तलावाचे पाणी मुंबईत आले. पाणी घरोघर आले, पण सांडपाणी जायला वाट नव्हती. मैला तर माणसेच डोक्यावरून वाहत होती. त्यांना सरकारी कागदांत हलालखोर म्हटले जाई. कॅप्टन हेक्टर टुलोक हा नगरपालिकेचा इंजिनियर होता. त्याने १८७२ मध्ये मुंबईच्या मलनिस्सारणावर ग्रंथच लिहिला. पुढच्या काळात अंड्याच्या आकाराची विटांची गटारे बांधली गेली आणि वरळीला लव्हग्रोव्हच्या पंपांवरून मैला समुद्रात सोडला जाऊ लागला. अंड्याचा आकार का? तर प्रवाह कमी असला तरी खालच्या निमुळत्या भागात पाणी जोरात वाहते आणि गाळ बसत नाही. इंजिनियरिंग उत्तम होते, ते नाकारायचे कारण नाही. त्यातली कितीतरी गटारे अजून वापरात आहेत.

पण त्याच शहराचा १८८८ चा महापालिका कायदा उघडून बघा. मालमत्तेवर जे कर लावायचे त्यांत एक कर होता ‘हलालखोर कर’. पाण्यासाठीच्या कराला पाण्याचे नाव. मैल्यासाठीच्या कराला मात्र तो उचलणाऱ्या माणसाच्या जातीचे आणि कामाचे मिळून बनलेले नाव. हलालखोर हा कायद्याच्या लेखी नगरपालिकेचा नोकर होता आणि त्याच वेळी पाइपाचा, टोपलीचा, गाडीचा एक भाग होता. गोरा साहेब मनुस्मृती वाचून कायदा करत नव्हता. त्याला स्वस्तात चालणारी व्यवस्था हवी होती, आणि ती व्यवस्था हिंदू समाजाने त्याच्या हातात तयार दिली. जात ही शहराची पहिली मलवाहिनी होती. विटांची नंतर आली. पुढे कायद्यातले नाव बदलून मलनिस्सारण कर झाले. नाव बदलले तेव्हा काम करणारे तेच होते.

या व्यवस्थेचा जीव कशात होता हे १८९६ च्या प्लेगने उघडे पाडले. साथ पसरली, लोक शहर सोडून पळू लागले. रोग्यांना घरातून ओढून इस्पितळात नेण्याचे कडक नियम म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी काढले आणि लवकरच सैल केले. त्यामागे त्यांना एक मोठी धास्ती होती. हे हलालखोर आणि झाडूवाले घाबरून गावी निघून गेले तर शहर राहण्यालायक उरणार नाही. गिरण्या बंद पडल्या तरी शहर जगेल, व्यापारी गेले तरी परत येतील, पण हे लोक गेले तर संपले, हे कमिशनरला कळत होते. ज्यांच्या सावलीचा विटाळ होत होता, त्यांच्या जाण्याच्या नुसत्या शक्यतेने सरकारचा हुकूम मागे आला. आपल्या तरुणांनी प्लेगचा इतिहास वाचताना रँड आणि चापेकर एवढेच वाचू नये.

अशी ताकद हातात असलेल्या माणसांनी ती वापरली का नाही? इथे कायदा आडवा येतो. नगरपालिकांच्या त्या काळच्या कायद्यांत सफाई कामगाराने पूर्वसूचना न देता काम सोडणे किंवा कामावर न येणे हा शिक्षेचा गुन्हा होता. कारकून न सांगता गेला तर पगार कापला जाई, सफाईवाला गेला तर तुरुंग. बाबासाहेबांनी यावर बोट ठेवले होते. तीसच्या दशकात त्यांनी मुंबईच्या म्युनिसिपल कामगारांचा संघ उभा केला. १९३८ मध्ये औद्योगिक तंट्यांचे बिल मुंबई विधिमंडळात आले तेव्हा संप हा गुन्हा ठरवणे म्हणजे कामगाराला गुलाम करणे आहे, ही भूमिका त्यांनी सभागृहात मांडली, आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला संप करून दाखवला. येवल्याचा नकार आणि हा संप यांच्यात तीन वर्षांचे अंतर आहे, पण विचार एकच आहे. नाही म्हणता येत नसेल तर ते काम नव्हे, ती वेठ.

याच काळात दुसऱ्या बाजूला काय चालले होते? येवल्यानंतर तेराच महिन्यांनी, २८ नोव्हेंबर १९३६ च्या ‘हरिजन’मध्ये गांधीजींनी ‘आदर्श भंगी’ या विषयावर लेख लिहिला. त्यांच्या मते भंग्याने आपले काम शास्त्र म्हणून शिकावे, गावाच्या आरोग्याची राखण करावी, आपल्या कामाला सेवा मानावे. हेतू चांगला होता असे म्हणणारे म्हणोत. आम्ही एवढेच विचारतो की त्या आदर्शात भंग्याने काम सोडून जाण्याचा पर्याय कुठे होता? एकाने सांगितले बाहेर पडा, दुसऱ्याने सांगितले आत राहा आणि त्यात गौरव माना. पुढे १९४५ मध्ये बाबासाहेबांनी काँग्रेस आणि गांधींवरील आपल्या ग्रंथात याचा समाचार घेतला. आजही सफाई कामगारांचे पाय धुतले जातात, त्यांना योद्धे म्हटले जाते, तेव्हा तीच ‘आदर्श’ परंपरा चालू असते.

आता यंत्राकडे येऊ. १९७१ मध्ये लंडनच्या हॅकनी भागात एरिक वुड नावाच्या इंजिनियरने विटांच्या जुन्या गटाराचा सुमारे सत्तर मीटरचा तुकडा रस्ता न खोदता आतून दुरुस्त केला. ते गटारही अंड्याच्या आकाराचे, मुंबईतल्यासारखेच. पद्धत समजून घेण्यासारखी आहे. फेल्टची लांब नळी राळेत भिजवून मॅनहोलमधून सोडतात. पाण्याच्या किंवा हवेच्या दाबाने ती मोजा उलटा करावा तशी उलटत पुढे सरकते आणि जुन्या भिंतीला चिकटते. मग गरम पाणी किंवा वाफ देऊन राळ कडक करतात. हल्ली अतिनील प्रकाशानेही करतात. जुन्या गटाराच्या पोटात नवा पाइप तयार होतो. घरांच्या जोडण्या त्याने झाकल्या जातात, त्या दूरनियंत्रित कटरने आतून पुन्हा उघडतात. दुसऱ्या पद्धतीत जुना पाइप आतून फोडत त्याच वाटेने नवा ओढून घेतात. रेल्वेखालून, रस्त्याखालून मोरी न्यायची असेल तर एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्यापर्यंत जमिनीखालूनच यंत्राने पाइप ढकलत नेतात.

पण हे सगळे करण्याआधी एक काम असते आणि कौतुकाच्या बातम्यांत ते नसते. गटार आधी स्वच्छ करावे लागते. प्रवाह अडवून पंपाने दुसरीकडे वळवायचा, वर्षानुवर्षांचा गाळ काढायचा, कॅमेरा फिरवायचा, आत वाढलेली झाडांची मुळे, घट्ट झालेली चरबी, कोणीतरी ओतलेले सिमेंट काढायचे. राळेची नळी त्यानंतर. प्रवाह वळवायला पंप लागतात, पंपांना भाडे आणि डिझेल लागते. कंत्राटदाराने इथे पैसे वाचवायचे ठरवले तर सगळ्यात स्वस्त साधन कोणते, हे सांगायची गरज नाही. शिवाय माणूस उभा राहू शकेल एवढी मोठी विटांची गटारे असतात, त्यांत फायबरच्या प्लेटा बसवायला किंवा सिमेंटचा थर द्यायला माणसे आत जातातच, युरोपातही जातात. म्हणजे ‘न खोदता’ याचा अर्थ ‘माणसाशिवाय’ असा नाही. खोदकाम वाचते ते रस्त्याचे.

मग लंडनच्या आणि आपल्या माणसात फरक काय? ब्रिटनमध्ये बंदिस्त जागेतल्या कामासाठी १९९७ चे वेगळे नियम आहेत. आत न जाता काम होत असेल तर आत जायचे नाही ही पहिली अट, आणि जायचेच असेल तर वायू मोजायचा, श्वासाची साधने, वर ओढून काढायची व्यवस्था आधी तयार ठेवायची. उतरणारा प्रशिक्षित असतो आणि तो थांबू शकतो. आपल्याकडे उतरणारा रोजंदारीवर असतो, त्याच्या कमरेला दोरी असली तर असते, आणि तो अमुक जातीचा असतो.

गटारातल्या वायूबद्दल दोन शब्द, कारण आपल्या कार्यकर्त्यांनी हे नीट जाणून घेतले पाहिजे. साचलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. थोडा असला की सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढले की नाकच मरते, वास येणे बंद होते, आणि आतल्या माणसाला वाटते की हवा सुधारली. आणखी वाढला तर एकदोन श्वासांत माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो, मग तिसरा. म्हणून बातमी बहुधा एकाच्या नव्हे, दोघातिघांच्या मृत्यूची असते. आणि हाच वायू गटाराच्या छतावर जाऊन जिवाणूंमुळे सल्फ्युरिक ॲसिड होतो आणि काँक्रीट खातो. गटार म्हातारे होण्याचे ते एक मोठे कारण आहे. म्हणजे पाइप आणि माणूस यांना मारणारा वायू एकच. पाइप कशाने झिजला याचा अहवाल होतो, त्याच्या दुरुस्तीचा अंदाजपत्रकात हिशेब असतो. माणूस मेला की ‘गुदमरून मृत्यू’ एवढी नोंद होते.

मुंबईतच बघा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस झाला. ताशी २५ मिलीमीटरच्या हिशेबाने बांधलेल्या जुन्या पर्जन्यवाहिन्या आणि मोऱ्या उघड्या पडल्या, त्यांची क्षमता दुप्पट करण्याच्या कामाला वेग आला. ऑगस्ट २०१७ मध्ये पुरात उघड्या मॅनहोलमध्ये पडून एक नामवंत डॉक्टर वाहून गेले. मोठी दुःखद घटना. शहर हळहळले, न्यायालयात याचिका झाल्या, झाकणांखाली जाळ्या बसवायला सुरुवात झाली. ते योग्यच झाले. पण वरून चुकून पडणाऱ्यासाठी जाळी आली आणि रोज मुद्दाम खाली सोडला जाणारा तिथेच राहिला. तो शहराच्या डोळ्यांना अपघात वाटतच नाही.

कायद्याचे काय? पहिला कायदा १९९३ चा, तो मुख्यतः कोरड्या संडासांपुरता. दुसरा २०१३ चा, आणि तो अमलात आला तो दिवस ६ डिसेंबर २०१३, महापरिनिर्वाण दिन. त्याच्या कलम ७ नुसार गटार आणि सेप्टिक टँकची धोकादायक सफाई माणसाकडून करून घेण्यास बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद. पण ‘धोकादायक’ याची व्याख्या वाचा. सुरक्षा साधने न देता करवून घेतलेली सफाई तेवढी धोकादायक. हातमोजे आणि मास्क दिला की तीच सफाई व्याख्येबाहेर पडते. पुढे नियमांत तर माणूस गटारात उतरवता येईल असे प्रसंगच दिले आहेत. चिकटलेले काँक्रीट आणि चरबी काढणे, मोठ्या जुन्या वाहिनीला नवी जोडणे, मॅनहोल पुन्हा बांधणे, वाहिनीची दुरुस्ती. शिवाय अधिकाऱ्याने लेखी कारण देऊन परवानगी दिली तर आणखी कोणताही प्रसंग. आता ही यादी आणि वर दिलेली जुन्या गटारांच्या दुरुस्तीची पूर्वतयारी शेजारी ठेवा. आपल्या आधुनिक तंत्राला लागणारी बहुतेक कामे सवलतीच्या यादीत आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ ला सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर १९९३ पासूनच्या प्रत्येक मृत्यूसाठी दहा लाख देण्याचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ ला ती रक्कम तीस लाख झाली. मधल्या काळात, जुलै २०२१ मध्ये, सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी राज्यसभेत लेखी उत्तर दिले की हाताने मैला वाहण्यामुळे मृत्यू झाल्याची नोंद नाही. शब्दांत पकडले तर उत्तर बरोबर आहे. मैला वाहणे वेगळे आणि गटार साफ करताना मरणे वेगळे, अशी सरकारी विभागणीच आहे. पँथरच्या छावणीतून आलेल्या मंत्र्याने ही विभागणी वाचून दाखवावी, याची आम्हाला चीड आहे.

महाराष्ट्रातली आणखी एक गोष्ट मुद्दाम मांडतो, ती आपल्याच लोकांना बोचेल. लाड आणि पागे समित्यांच्या शिफारशींनुसार आपल्याकडे सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नोकरी मिळते. ज्या घरात बाप गेल्यावर चूल बंद पडते त्या घराला या हक्काचे मोल काय आहे ते आम्ही जाणतो, तो काढून घ्या असे आम्ही म्हणत नाही. पण १९२८ मध्ये बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध विधिमंडळात बिल आणले, १९५८ च्या कायद्याने ती वतने गेली, आणि महापालिकेच्या दारात झाडूचे वतन उरले. आता गंमत बघा. दुरुस्तीच्या नव्या तंत्रात कॅमेरा चालवणारा लागतो, कटर चालवणारा लागतो, राळेचे तापमान बघणारा लागतो. या पगाराच्या, कपडे न मळणाऱ्या जागा वारसा हक्कात येत नाहीत. त्या कंपनीकडे जातात. वारसाला जुने काम, नव्या कामाला नवे लोक. हैदराबादच्या जलमंडळाने २०१७ मध्ये दलित उद्योजकांच्या डिक्की या संघटनेबरोबर सत्तर छोटी जेटिंग यंत्रे आणली आणि ती गाड्यांचे मालक होऊ शकणाऱ्यांच्या हाती दिली. या मार्गाने सगळे सुटेल असे आम्हाला वाटत नाही, कर्ज काढून गटाराचा मालक होणे म्हणजे मुक्ती नव्हे. पण यंत्र कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न त्यांनी निदान विचारला.

नगरपरिषदांच्या बहुतेक लहान गावांत विटांची भूमिगत गटारे नाहीत. तिथे उघड्या गटारी आहेत, रस्त्याखालच्या मोऱ्या आहेत आणि घरोघर सेप्टिक टँक आहेत. तिथे राळेची नळी येणार नाही, कंत्राट येईल. म्हणून १३ ऑक्टोबरला मुक्तिभूमीवर येणाऱ्या तरुणांनी आपापल्या गावी जाऊन माहिती अधिकारात चार कागद मागावेत. गटार, मोरी किंवा टँक सफाईची आणि दुरुस्तीची निविदा. तिच्यात प्रवाह वळवायच्या पंपांना वेगळे पैसे धरले आहेत का. गेल्या तीन वर्षांत माणूस आत उतरवायला मुख्याधिकाऱ्यांनी दिलेल्या लेखी परवानग्या, कारणांसकट. आणि कंत्राटदाराच्या मस्टरवरील नावे. परवानग्यांची फाइल रिकामी असेल आणि गावात माणसे टँकमध्ये उतरताना सगळ्यांनी पाहिली असतील, तर कलम ७ खाली तक्रार त्याच दिवशी देता येते. तक्रारीत कंत्राटदाराबरोबर काम देणाऱ्या अधिकाऱ्याचेही पद लिहावे. नाहीतर गुन्हा मुकादमावर दाखल होतो, आणि मुकादम बहुधा आपल्याच वस्तीतला असतो.